वाचक विचारतात : चेक वकील आलोइस राशीन यांचा राजकीय प्रवास

मागील अंकातील या सदरात, जुन्या नोटांवर सरकारी तिकिटे चिकटवून स्वतःचे चलन उभे करणाऱ्या एका देशाचा ओझरता उल्लेख आला होता. तो देश म्हणजे चेकोस्लोव्हाकिया, वर्ष १९१९, आणि ही योजना तडीस नेणारे अर्थमंत्री म्हणजे डॉ. आलोइस राशीन. त्या दोन ओळींवरून रत्नागिरी, चिपळूण, वेंगुर्ले, मंडणगड आणि अलिबाग येथील वाचकांची पत्रे आली. त्यांचे प्रश्न एकाच आयुष्याच्या निरनिराळ्या टप्प्यांविषयीचे आहेत, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न (रत्नागिरी येथील एक वकील) : राशीन हे मुळात वकील होते की राजकारणी? लोकमान्य टिळकांप्रमाणे त्यांच्यावरही तरुणपणी राजकीय खटला झाला होता, असे ऐकले. त्याविषयी सांगावे.

उत्तर : राशीन यांचा जन्म १८ ऑक्टोबर १८६७ रोजी पूर्व बोहेमियातील नेखानित्से या लहानशा गावी झाला. बोहेमिया तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता आणि राज्यकारभाराच्या नाड्या व्हिएन्नाच्या हाती होत्या. प्राग येथे कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी १८९१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्याच सुमारास त्यांनी चेक राज्याच्या ऐतिहासिक हक्कांवर एक पुस्तिका लिहिली आणि सरकारने ती जप्त केली. म्हणजे सनद हाती येते न येते तोच त्यांनी कायद्याच्या भाषेत राज्यकर्त्यांशी वाद घालायला सुरुवात केली होती. त्यामुळे वकील आधी की राजकारणी आधी, याचे उत्तर त्यांच्या बाबतीत एका शब्दात देता येत नाही.

आपण ऐकले ते खरे आहे. १८९३ मध्ये प्रागमधील असंतोष वाढल्यावर तेथे आणीबाणीसदृश निर्बंध लादले गेले आणि पुढील वर्षी ‘ओम्लादिना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुणांच्या कथित गुप्त संघटनेवर मोठा खटला भरण्यात आला. त्यात राशीन यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि पिल्सेन येथील तुरुंगातून ते १८९५ मध्ये माफी मिळून बाहेर आले. टिळकांवरील पहिला राजद्रोहाचा खटला १८९७ चा, म्हणजे काळ जवळपास एकच. दोन्ही ठिकाणी परकीय सत्तेला शस्त्रापेक्षा छापील मजकुराची आणि तरुणांच्या सभांची धास्ती अधिक वाटत होती. फरक असा की टिळकांनी एल.एल.बी. होऊनही वकिली केली नाही, कायद्याचे वर्ग मात्र चालवले. राशीन यांनी सुटकेनंतर पत्रकारिता आणि पक्षकार्य यांच्या जोडीने पुढे वकिलीचा व्यवसायही केला. प्रारंभी ते जहाल गटात होते, नंतर यंग चेक पक्षात आले, आणि १९११ मध्ये व्हिएन्नाच्या संसदेवर निवडून गेले.

याहून गंभीर खटला पुढेच होता. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या उन्हाळ्यात, त्यांना अटक झाली. पक्षाचे नेते कारेल क्रामार्झ यांना त्याआधीच पकडले होते; तेही कायद्याचेच डॉक्टर होते. संसद मार्च १९१४ पासून बंद ठेवण्यात आली होती, त्यामुळे खासदारकीचे संरक्षण कागदावरच राहिले आणि नागरी लोकप्रतिनिधींवर लष्करी न्यायालयात देशद्रोहाचा खटला चालला. ३ जून १९१६ रोजी दोघांनाही फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. नोव्हेंबरमध्ये वृद्ध सम्राट फ्रान्झ योसेफ मरण पावले, नव्या सम्राट कार्ल यांनी फाशीऐवजी कारावास दिला आणि १९१७ च्या जुलैमध्ये माफी जाहीर केली. या कारावासातच राशीन यांनी अर्थशास्त्रावरील ग्रंथाचे लेखन केले. मंडालेच्या तुरुंगातील टिळकांची आठवण येथे कोणाही मराठी वाचकाला होईलच. राशीन यांनी मात्र लिहिण्यासाठी राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेचा विषय निवडला, याकडे माझे लक्ष विशेषत्वाने जाते. साम्राज्य टिकणार नाही आणि त्यानंतर घर चालवण्याचा प्रश्न उभा राहील, हे फाशीच्या छायेतही त्यांच्या मनात पक्के असावे.

प्रश्न (अलिबाग येथील विधी महाविद्यालयाची विद्यार्थिनी) : चेकोस्लोव्हाकियाचा पहिला कायदा राशीन यांनी लिहिला, असे म्हणतात. त्यात एवढे महत्त्वाचे काय होते?

उत्तर : २८ ऑक्टोबर १९१८ रोजी प्रागमध्ये राष्ट्रीय समितीने स्वातंत्र्य जाहीर केले. त्या दिवशी सूत्रे हाती घेणाऱ्या पाच जणांना चेक लोक आजही ‘२८ ऑक्टोबरचे पुरुष’ म्हणून ओळखतात : राशीन, आन्तोनिन श्वेहला, यिर्झी स्त्रिब्रनी, फ्रान्तिशेक सोउकुप आणि स्लोव्हाक प्रतिनिधी वाव्रो श्रोबार. सकाळी श्वेहला आणि सोउकुप यांनी धान्यवाटपाची सरकारी कचेरी ताब्यात घेतली, कारण युद्धाने लोक उपाशी होते आणि धान्य ज्याच्या हाती त्याच्याच हाती शहर, हे त्यांना कळत होते. स्वतंत्र राज्याच्या स्थापनेचा कायदा राशीन यांच्या लेखणीतून उतरला.

हा कायदा अगदी आटोपशीर आहे. त्याचे दुसरे कलम सांगते की आजवरचे सर्व प्रांतिक आणि साम्राज्याचे कायदे व नियम तूर्त अंमलात राहतील. ज्या साम्राज्याने आपल्याला फाशी सुनावली त्याचेच कायदे नव्या राज्याच्या पहिल्याच दिवशी पुढे चालू ठेवायचे, ही गोष्ट रस्त्यावर झेंडे घेऊन उतरलेल्या गर्दीला रुचण्यासारखी नव्हती. पण राशीन यांची भूमिका स्पष्ट होती : २९ ऑक्टोबरला न्यायालये उघडली पाहिजेत, आगगाड्या धावल्या पाहिजेत, कर भरला गेला पाहिजे, करार पाळले गेले पाहिजेत, जणू मधे क्रांती झालीच नाही, अशा रीतीने कारभार चालला पाहिजे. आजूबाजूच्या देशांत त्या हिवाळ्यात जी यादवी आणि लूटमार झाली ती पाहता, चेक प्रांतांतील सत्तांतर विलक्षण शांततेत पार पडले, आणि त्याच्या श्रेयाचा मोठा वाटा या एका वाक्याकडे जातो, असे माझे मत आहे.

आपण कायद्याच्या विद्यार्थिनी आहात, म्हणून आपल्या संविधानातील ३७२ वे कलम उघडून पाहावे. १९५० मध्ये आपणही हाच मार्ग पत्करला. ब्रिटिशांच्या काळातील दंड संहिता, पुरावा कायदा, करार कायदा हे सारे त्या कलमाच्या आधारे चालू राहिले. स्वतंत्र झालेल्या देशाला जुना कायदा एका रात्रीत फेकून देता येत नाही, कारण त्या कायद्यावर लोकांच्या जमिनी, वारसाहक्क आणि कर्जरोखे उभे असतात. खंडावरून होणारी खोताची आणि कुळाची भांडणे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या कोकणाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रश्न (चिपळूण येथील निवृत्त बँक अधिकारी) : नोटांवर तिकिटे चिकटवण्याची योजना प्रत्यक्षात कशी राबवली? लोकांचे पैसे बुडाले का?

उत्तर : साम्राज्य मोडले तरी त्याचे चलन मोडले नव्हते. व्हिएन्नातील ऑस्ट्रो-हंगेरियन बँकेच्या नोटा प्राग, बुडापेस्ट, झाग्रेब अशा सर्वच ठिकाणी चालत होत्या आणि ती बँक व्हिएन्ना व बुडापेस्टच्या सरकारांची तूट भरून काढण्यासाठी नोटा छापतच होती. युद्धाच्या काळात चलनातील नोटा दहा पटींहून अधिक झाल्या होत्या. नव्या राज्याला स्वतःचे सैन्य, ध्वज आणि संसद होती, पण त्याच्या बाजारातील भाव दुसऱ्या राजधानीतील छापखाना ठरवत होता. नोव्हेंबर १९१८ मध्ये अर्थमंत्री झालेल्या राशीन यांनी हा धागा तोडायचे ठरवले.

गुप्तता हा योजनेचा प्राण होता. बातमी फुटली असती तर शेजारील देशांतून नोटांचे गठ्ठे सीमा ओलांडून आत आले असते. म्हणून २५ फेब्रुवारी १९१९ च्या रात्री संसदेची गुप्त बैठक झाली, तीत कायदा मंजूर झाला, सीमा बंद झाल्या आणि परदेशी टपालही थांबवले गेले. त्यानंतर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात लोकांनी आपापल्या नोटा ठरवून दिलेल्या ठिकाणी आणायच्या होत्या. आपल्याकडे पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावतात तसे छोटे तिकीट दहा, वीस, पन्नास, शंभर क्रोनच्या (क्रोन हे साम्राज्याचे जुने चलन) नोटांवर चिकटवले जाई आणि तिकिटाची किंमत नोटेच्या एक टक्का असे. तिकीट असलेली नोट तीच चेकोस्लोव्हाक नोट. बिनतिकिटाची नोट देशात निरुपयोगी. पुढे एप्रिलमध्ये कायद्याने ‘चेकोस्लोव्हाक कोरुना’ हे चलन ठरले. नंतर नव्या नोटा छापल्या गेल्या, त्यांपैकी पहिल्या काहींचे रेखाटन जगप्रसिद्ध चित्रकार आल्फोन्स मुखा यांनी केले.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जपून द्यावे लागेल. आणलेली सर्व रक्कम लोकांना परत मिळाली नाही. मोठा भाग, सर्वसाधारणपणे निम्मा, सरकारने सक्तीचे कर्ज म्हणून रोखून धरला आणि त्यावर केवळ एक टक्का व्याज देऊ केले. पुढे मालमत्तेवर एकवेळचा कर बसवण्यात आला आणि रोखलेली रक्कम त्या करात वळती करून घेता येत असे. म्हणजे पैसे बुडाले असे म्हणता येणार नाही, पण ते अडकले, आणि श्रीमंतांवर त्याचा भार अधिक पडला. चलनातील नोटांचे प्रमाण कमी करणे हाच तर हेतू होता.

आपल्या बँकेतील अनुभवामुळे आपल्याला २०१६ ची नोटाबंदी आठवली असेल. आपल्या पत्रात तसा उल्लेखही आहे. माझ्या मते अधिक जवळचे उदाहरण १९४८ चे आहे. फाळणीनंतर काही काळ पाकिस्तानसाठी रिझर्व्ह बँकेच्याच नोटा ‘पाकिस्तान सरकार’ अशी अक्षरे वर छापून दिल्या जात होत्या. एका चलनाची दोन राज्यांत वाटणी करायची, तर आधी नोट कोणाची हे तिच्यावरच लिहावे लागते. तेथे ही वाटणी दोन सरकारांनी ठरवून केली; राशीन यांना ती व्हिएन्नाला विश्वासात न घेता, स्वतःच्या जबाबदारीवर करावी लागली. सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांच्या राज्याने नोटांवर खुणा करण्याचे काम थोडे आधी सुरू केले होते, ऑस्ट्रियाने लगोलग आणि हंगेरीने १९२० मध्ये. परंतु नोटा वेगळ्या करण्याबरोबर त्यांची संख्याही आवळण्याचे धैर्य प्रागने दाखवले. ऑस्ट्रिया, हंगेरी आणि जर्मनीत पुढील चार-पाच वर्षांत चलनाची जी राखरांगोळी झाली, निवृत्तीवेतनधारक आणि ठेवीदार जसे रस्त्यावर आले, तसे चेकोस्लोव्हाकियात घडले नाही. १९१९ च्या त्या निर्णयाला मी निःसंकोचपणे मोठा निर्णय म्हणतो.

प्रश्न (वेंगुर्ले येथील काजू व्यावसायिक) : चलन मजबूत होणे हे चांगलेच नाही का? मग राशीन यांच्या नंतरच्या धोरणावर टीका का होते?

उत्तर : आपण काजूगर परदेशी पाठवता, म्हणून हा हिशोब आपल्यालाच सर्वांत लवकर पटेल. परदेशातील गिऱ्हाईक ठरलेली डॉलरची रक्कम देते. वर्षभरात रुपयाचे मोल डॉलरच्या तुलनेत दुप्पट झाले, तर तेवढ्याच मालाचे आपल्या हाती निम्मे रुपये पडतील. कारखान्यातील बायकांची मजुरी, बँकेचा हप्ता, गोदामाचे भाडे हे मात्र रुपयांत ठरलेले असते आणि ते निम्मे होत नाही.

१९२२ मध्ये चेकोस्लोव्हाकियात नेमके असेच घडले. झुरिचच्या बाजारात कोरुनाचा भाव काही महिन्यांत दुपटीहून अधिक चढला. जुन्या साम्राज्यातील बहुतांश उद्योग या छोट्या देशाच्या वाट्याला आले होते. काच, कापड, साखर, यंत्रे यांच्यासाठी देशातली बाजारपेठ अपुरी होती आणि निर्यातीवाचून गत्यंतर नव्हते. शेजारी जर्मनीचा मार्क कोसळत होता, त्यामुळे जर्मन माल स्वस्त आणि चेक माल महाग झाला. कारखाने बंद पडले, काही बँका अडचणीत आल्या, आणि १९२३ च्या आरंभी बेकारांची संख्या चार लाखांच्या पुढे गेली.

न्यायाने सांगायचे तर कोरुनाचा भाव चढण्याचा बराचसा भाग राशीन दुसऱ्यांदा मंत्री होण्याआधीच होऊन गेला होता. श्वेहला यांच्या मंत्रिमंडळात ते ऑक्टोबर १९२२ मध्ये आले. पण कोरुनाला शक्य तितके युद्धपूर्व मोलाकडे न्यावे, हा विचार त्यांचाच, आणि मंत्री झाल्यावर त्यांनी खर्चकपात, पगारकपात व भावघट यांचा आग्रह सोडला नाही. कारेल एंग्लिश हे अर्थतज्ज्ञ, जे स्वतःही अर्थमंत्री झाले, यांचे म्हणणे असे की चलनाचा भाव आहे तेथे स्थिर करावा, वर चढवू नये. या वादात मी एंग्लिश यांच्या बाजूचा आहे. राशीन यांची चूक मला त्यांच्या वकिली घडणीत दिसते. त्यांच्या लेखी नोट हे वचन होते, ठेवीदाराला दिलेले वचन पूर्ण मोलाने फेडणे हा प्रामाणिकपणा होता, आणि महागाई ही एक प्रकारची फसवणूक होती. यात नैतिक बळ आहे, ते मी नाकारत नाही. परंतु भाव घसरतात तेव्हा जुन्या कर्जाचे ओझे दरमहा वाढत जाते, आणि त्या ओझ्याखाली सापडलेल्या विणकराने कोणतेही वचन मोडलेले नसते.

मंडणगड येथील एका वाचकाने याच संदर्भात विचारले आहे की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चलनविषयक विचार राशीन यांच्या विचारांशी जुळतात का. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे त्यांच्याच तालुक्यातले, तेव्हा या प्रश्नामागील आपुलकी मी समजू शकतो. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी ग्रंथ १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. ते बॅरिस्टर आणि अर्थशास्त्रज्ञ दोन्ही होते, आणि सरकारच्या हाती नोटा-नाणी वाढवण्याची मोकळीक असू नये, याबाबत ते राशीन यांच्याइतकेच कडक होते. पण त्यांचा मुख्य मुद्दा असा होता की रुपया परदेशी चलनाच्या तुलनेत नव्हे तर वस्तूंच्या भावांच्या तुलनेत स्थिर असावा, कारण गरीब माणूस विनिमय दर खात नाही, तांदूळ खातो. हे शेवटचे शब्द माझे आहेत, विचार त्यांचा. या कसोटीवर १९१९ चे राशीन उत्तीर्ण होतात आणि १९२२ चे राशीन होत नाहीत.

प्रश्न (अलिबाग येथील त्याच विद्यार्थिनीचा दुसरा प्रश्न) : त्यांची हत्या कोणी आणि का केली? मारेकऱ्याला काय शिक्षा झाली?

उत्तर : ५ जानेवारी १९२३ रोजी सकाळी प्रागमधील झित्ना रस्त्यावर, घरातून बाहेर पडत असताना, योसेफ शोउपाल या एकोणीस वर्षांच्या तरुणाने त्यांच्यावर पाठीमागून गोळ्या झाडल्या. शोउपाल हा विमा कंपनीतील कारकून होता आणि अराजकवादी-साम्यवादी विचारांनी भारलेला होता. बेकारी आणि पगारकपात यांचे खापर तो राशीन यांच्यावर फोडत होता. युद्धात परदेशी लढलेल्या चेक स्वयंसैनिकांच्या मागण्यांसंदर्भात, राष्ट्रासाठी केलेल्या कामाचे मोल घेतले जात नाही, अशा अर्थाचे राशीन यांचे उद्गार तेव्हा गाजले होते आणि त्यांनी पुष्कळांची मने दुखावली होती. तुरुंगवास सोसलेल्या माणसाला ते बोलण्याचा अधिकार होता असे काहींना वाटे. मला वाटते की अर्थमंत्र्याने ते बोलायला नको होते. पाठीच्या कण्याला इजा झालेले राशीन सहा आठवडे झुंजले आणि १८ फेब्रुवारीला मरण पावले.

शोउपाल याला अठरा वर्षांचा सश्रम कारावास झाला. फाशी का नाही, हे कायद्याच्या विद्यार्थिनीने मुद्दाम लक्षात घ्यावे. गुन्ह्याच्या वेळी वीस वर्षे पूर्ण न झालेल्या आरोपीस मृत्युदंड देऊ नये, अशी तरतूद १८५२ च्या ऑस्ट्रियन दंड संहितेत होती, आणि ती संहिता प्रागमध्ये लागू होती ती राशीन यांनीच लिहिलेल्या दुसऱ्या कलमामुळे. जनक्षोभ मोठा असतानाही न्यायालयाने त्या तरतुदीपासून फारकत घेतली नाही, याबद्दल मला त्या नव्या प्रजासत्ताकाविषयी मनापासून आदर वाटतो.

संसदेने मात्र मार्च १९२३ मध्ये ‘प्रजासत्ताकाच्या संरक्षणाचा कायदा’ संमत केला. राज्याविरुद्धच्या कारवाया आणि चिथावणी यांसाठी त्यात कडक शिक्षा होत्या. ओम्लादिना खटल्यात लेखन आणि सभांपायी शिक्षा भोगलेल्या माणसाच्या मृत्यूनंतर असा कायदा यावा, हे मला खटकते. त्या काळी आजूबाजूला लोकशाही राज्ये ज्या वेगाने कोसळत होती ते पाहता त्यामागील भीती मात्र खोटी म्हणता येणार नाही.

प्रश्न (चिपळूण येथील तेच वाचक) : त्यांच्यानंतर त्या चलनाचे आणि त्यांच्या नावाचे काय झाले?

उत्तर : राशीन यांच्यानंतर कोरुना आणखी वर नेण्याचा हट्ट सोडण्यात आला आणि तिचा भाव जेथे होता त्याच्या आसपास स्थिर ठेवला गेला. १९२६ मध्ये राष्ट्रीय बँक सुरू झाली; तोवर चलनाचा कारभार अर्थमंत्रालयातील बँकिंग कार्यालयच पाहत होते. १९२९ मध्ये कोरुना कायद्याने सोन्याशी जोडली गेली. तेव्हा त्या काळात मध्य युरोपातील सर्वांत भरवशाच्या चलनांत तिची गणना होई. हे श्रेय एकट्या राशीन यांना देण्याची पद्धत मला मान्य नाही. पाया त्यांचा आहे, पण त्यावर मजला चढला तो त्यांचे दुसरे धोरण बाजूला ठेवल्यावर, आणि त्यात एंग्लिश व बँकेच्या अधिकाऱ्यांचा वाटा मोठा आहे.

त्यांचे पुत्र लादिस्लाव हेही वकील आणि खासदार होते. १९३८ मध्ये म्युनिक कराराला त्यांनी कडाडून विरोध केला आणि १९४५ मध्ये नाझींच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. प्रागमध्ये व्लताव्हा नदीच्या काठच्या रस्त्याला राशीन यांचे नाव आहे. साम्यवादी राजवटीने ते काढून तेथे एंगल्स यांचे नाव दिले होते. १९९० मध्ये जुने नाव परत आले. प्रागला जाणाऱ्या आपल्याकडील पर्यटकांचे जे ‘नाचते घर’ पाहून होते, ते याच रस्त्यावर आहे.